सेप्सिसच्या ट्रायाजचं ऑडिट: घड्याळ दारापासून लावा

सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं, ट्रायाजमध्ये (पेशंट आल्या आल्या निकड ठरवताना) वेळेत ओळखला जातो का, हे जुन्या केसपेपरांवरून तपासणार असाल तर हे तुमच्यासाठी. क्यूसोफा आणि न्यूज-२ हे श्वास, रक्तदाब, शुद्ध अशा नोंदींना गुण देणारे तक्ते तुम्हाला पाठ असतील, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एक सांगते. एकट्या क्यूसोफावर चाळणी लावू नका, असं सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनने (सेप्सिसच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढणारी मोहीम) २०२१ मध्येच स्पष्ट म्हटलंय. तरीही झटपट होतो म्हणून त्यावरच भागवणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकून घ्या आणि न्यूज-२ भरा.

मी फसले ते वेगळ्याच जागी. पहिल्या ऑडिटमध्ये अँटिबायोटिकपर्यंतचा वेळ मी 'सेप्सिसची शंका' नोंदवल्यापासून मोजला. आकडे छान आले. एका सत्तरीच्या आजींना ३५ मिनिटांत डोस मिळालेला, मी खूश. मग मूळ केसपेपर उघडला. नोंदणी ९:१०, शंका ११:४०. मधले अडीच तास आजी बाकावर. ताप नव्हता. 'आई सकाळपासून असंबद्ध बोलतेय' हे मुलीचं वाक्य कागदावर होतं, पण त्याचे गुण कुणी धरले नव्हते. नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला न्यूज-२ मध्ये एकदम ३ गुण आहेत!

म्हणजे ट्रायाज जिथे चुकला, नेमका तोच वेळ मी मोजणीतून गाळला होता. त्याहून वाईट म्हणजे, जितका उशीर तितका पेशंट खालावतो, शंका तितकी उघड होते आणि डोस तितका पटकन जातो. आपल्या सगळ्यात मोठ्या चुका तक्त्यात सगळ्यात चांगल्या दिसतात. त्यामुळे दोन वेळा वेगवेगळ्या लिहा: दारापासून शंकेपर्यंत, आणि शंकेपासून डोसपर्यंत. त्यांची बेरीज करून एकच आकडा कुणालाही देऊ नका, विभागप्रमुखांनी मागितला तरी.

घाबरून सगळ्यांनाच अँटिबायोटिक द्यायचं, असा याचा अर्थ नाही. शॉक (रक्तदाब धोकादायक घसरणं) असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर तासाच्या आत. शॉक नाही आणि निदान धूसर असेल तर तपासण्या उरकायला तीन तासांची मुभा आहे.

मिनिटाला किती श्वास, हा रकानाही बघा. ओळीने १८, २०, १८, २० दिसले तर बहुधा कुणी मोजलेलं नाही. मी एकदा शेजारी उभी राहून पूर्ण मिनिट मोजलं. कागदावर २०, प्रत्यक्षात २८. गुणांत शून्य आणि तीन एवढा फरक. सिस्टरांवर चिडू नका, एकटीच्या समोर रांग असते. भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ मागून घ्या.

ऑडिटसाठी मार्गदर्शक निवडताना विचारा, त्यांनी स्वतः शेवटचा केसपेपर कधी वाचला. पहिल्या दहा केसपेपरांत माझी अख्खी संध्याकाळ गेली. अक्षर लागेना, वेळा जुळेनात, रडू यायचं बाकी होतं. तुमचंही तसंच होईल. विसाव्या केसपेपरनंतर हात बसतो.