नाक तपासून भागणार नाही: बीडीडी ओळखताना या चुका टाळा

डाग, विरळ केस, वाकडं नाक अशा तक्रारी स्किनच्या ओपीडीत रोजच्याच. पण कधी डॉक्टरला भिंगातूनही डाग सापडत नाही आणि तोंडून निघतं, "अहो, काही नाहीये, उगाच टेन्शन घेता." पहिली चूक इथेच होते. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे बीडीडी (दिसण्यातल्या नसलेल्या किंवा किरकोळ दोषाचाच सतत ध्यास लागणारा मानसिक आजार), असलेल्या पेशंटने हे घरी असंख्य वेळा ऐकलेलं असतं. दिलासा क्षणभर टिकतो, मग तोच प्रश्न पुन्हा. सारखं विचारत राहणं हेही या आजाराचंच लक्षण.

"दोष खरंच आहे का?" यावरच अडून बसू नका. किंचित दोष असूनही बीडीडी असू शकतो. त्यापेक्षा विचारा, दिवसातला किती वेळ याच विचारात जातो? तासाभराच्या पुढचं उत्तर आलं तर सावध व्हा. मग आरसा, सेल्फी कॅमेरा, सतत तोंडावर मास्क किंवा ओढणी, त्वचा खरवडणं, बुडवलेलं कॉलेज, टाळलेली लग्नकार्यं यांची चौकशी करा. लाजेपोटी पेशंट आपणहून यातलं काही सांगत नाही.

"वयात आल्यावर होतंच" हेही फसवं आहे, कारण आजाराची सुरुवात बहुधा अठराच्या आतच होते. आपल्याकडे स्थळं बघायला लागली की रंगावरची घरची बोलणी त्यात भर घालतात आणि खरा त्रास झाकला जातो. मुलगे तर हमखास नजरेतून सुटतात. पिळदार शरीर असून स्वतःला किडकिडीत समजणारा, जिममधून न हलणारा पोरगा कौतुकाचाच विषय ठरतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे "करून टाकू प्रोसिजर, समाधान होईल". ते सहसा होत नाही. असमाधान तिथेच राहतं किंवा दुसऱ्या अवयवावर जातं आणि राग डॉक्टरवर निघतो. आधी किती डॉक्टर झाले, काय काय करून झालं, हे सुरी किंवा लेझर उचलण्यापूर्वी विचारा.

तक्रार फक्त वजनाची असेल तर खाण्याशी संबंधित आजार आहे का तेही पाहा. आत्महत्येचे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत, आणि या आजारात तो धोका मोठा आहे.

मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना डागावर वाद घालू नका. "यापायी झोप गेली, कॉलेज सुटलं, त्यावर आधी उपाय करू," असं म्हटलं तर पेशंट जायला तयार होण्याची शक्यता जास्त. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) आणि एसएसआरआय गटातली, नैराश्यावरही दिली जाणारी औषधं उपयोगी पडतात. डोस बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो, गुण यायला 12 आठवडेही लागू शकतात. तीन आठवड्यांत औषध "लागू पडत नाही" म्हणून बंद करू नका. जवळ तज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चिठ्ठीवरच लिहून द्या.