सोयाबीनवर एक विषाणू सापडला म्हणून तपासणी थांबवू नका

सोयाबीनचं झाड खुजं राहिलंय, पानं सुरकुतलीत, शेंडा करपलाय, तर एकाच विषाणूवर बोट ठेवण्याची घाई नको. सोयाबीन मोझॅक आणि बीन पॉड मॉटल हे दोन विषाणू एकाच झाडात आले की मोझॅकमुळे दुसऱ्याचं प्रमाण झाडात वाढतं आणि नुकसान एकट्या विषाणूपेक्षा बरंच जास्त होतं. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. तणनाशकाचा फटकाही कधीकधी असाच दिसतो.

नमुन्यासाठी शेंड्याकडची कोवळी, नुकती उमललेली त्रिदल पानं घ्या. वाळलेली नकोत. कडक उन्हाळ्यात लक्षणं झाकली जातात, म्हणून बरी दिसणारी शेजारची झाडंही नमुन्यात घ्यावीत. पानं ओली न करता थंड डब्यात ठेवून लवकर पोहोचवा.

प्रयोगशाळेला दोन्ही विषाणूंची नावं स्पष्ट सांगा. एलायझा चाचणीत प्रत्येक विषाणूसाठी वेगळं प्रतिपिंड (त्या विषाणूला ओळखून चिकटणारं प्रथिन) लागतं. जे मागितलं नाही ते सापडणारही नाही. शंका उरलीच तर आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करून घ्या. निदानावर पुढचं ठरतं: मोझॅक बियाण्यातून आणि माव्यातून पसरतो, तर पॉड मॉटल मुख्यतः पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे.