पिळदार शरीर काटक करताना: चाळिशीनंतर या चुका टाळा

कोल्हापुरात सकाळच्या व्यायामशाळेत मी गेली वीस वर्षे शिकवतो आहे. पूर्वी येणारा जवळपास प्रत्येक जण दंड आणि छाती वाढवण्यासाठी यायचा. आता उमेदीची दहा-पंधरा वर्षे तालमीत किंवा जिममध्ये घालवलेली, चाळिशी ओलांडलेली माणसे येतात आणि त्यांचे मागणे वेगळे असते. त्यांचे गुडघे दुखू लागलेले असतात, रक्तदाब वाढलेला असतो, जोतिबाच्या पायऱ्या चढताना धाप लागते, आणि वजन उतरवा म्हणून डॉक्टरांनी बजावलेले असते. त्यांना आता भरदार दिसायचे नसते, तर सडसडीत, हलके आणि काटक व्हायचे असते. हे मागणे अगदी रास्त आहे. परंतु ते पुरे करण्याच्या घाईत ही अनुभवी माणसे नवशिक्यांपेक्षाही मोठ्या चुका करतात, आणि त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

एका दिवसात वजने सोडून देणे

"वस्ताद, मला आता बारीक व्हायचंय, तेव्हा उद्यापासून वजनांना हात लावायचा नाही," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल त्याची गणती नाही. वजने उचलून शरीर वाढले, म्हणून वजने टाकली की ते उतरेल, असा हा सरळ हिशेब असतो आणि तो अर्धाच खरा आहे. स्नायूंवरचा भार थांबला की स्नायू बारीक होतात हे खरे. पण त्यांच्यावर साठलेली चरबी त्यामुळे हलत नाही. शिवाय खाणे कमी केल्यावर शरीर आपली तूट चरबी आणि स्नायू या दोन्हींतून भरून काढते, आणि ज्या स्नायूला काम उरलेले नाही तो त्यात आधी खर्ची पडतो. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्के स्नायू वयामुळेच कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी निष्काळजीपणाने घालवलेले बळ परत मिळवायला विशीतल्यापेक्षा कितीतरी जास्त कष्ट पडतात.

गुळाच्या व्यापारात असलेले माझे एक जुने विद्यार्थी चव्वेचाळीस वर्षांचे असताना 94 किलोंचे होते. दंड 16 इंच, पोटाचा घेर 41 इंच. त्यांनी मला न विचारता वजने बंद केली, रोज सकाळी दोन तास रंकाळ्याच्या काठाने चालायला सुरुवात केली, आणि दुपारी दोन फुलके व रात्री भाज्यांचे सूप एवढ्यावर दिवस काढू लागले. चार महिन्यांत काटा 79 वर आला, तेव्हा ते पेढे घेऊन व्यायामशाळेत आले होते. मी फीत काढून मापे घेतली, तर दंड साडेतेरा इंचांवर उतरला होता आणि पोट मात्र 38 वरच होते. पंधरा दिवसांनी घरातला गॅसचा भरलेला सिलिंडर सरकवण्यासाठी ते वाकले आणि त्यांची कंबर धरली. भरलेला घरगुती सिलिंडर टाकीसकट 30 किलोंच्या आसपास असतो, आणि या गृहस्थांनी एके काळी माझ्यासमोर 140 किलोंची डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार सरळ उभे राहून मांड्यांपर्यंत उचलणे) मारलेली होती. तीन आठवडे अंथरुणावर गेले, चालणे थांबले, पुढे दिवाळी आली, आणि सहा महिन्यांत वजन पुन्हा 87 किलो झाले. त्या वेळची मापे माझ्या वहीत अजून आहेत: पोट 41 इंच, दंड साडेतेरा. म्हणजे पोट होते तेवढेच परत आले आणि गेलेले बळ गेले ते गेलेच. त्यानंतर दोन वर्षे आम्ही सावकाश काम केले. आज ते 80 किलोंचे आहेत, पोट 35 आणि दंड साडेचौदा इंच आहे. जे सहा-आठ महिन्यांत नीट झाले असते त्याला घाईमुळे जवळपास तीन वर्षे लागली.

म्हणून माझे सांगणे असते की उचलायचे वजन कमी करू नका, सेट, म्हणजे एका दमात केलेल्या उचलींच्या फेऱ्या, कमी करा. स्नायूचा आकार मुख्यतः आठवड्याभरात केलेल्या एकूण कामावर वाढतो. ताकद टिकवायला मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे कामही बहुतेकांना पुरते, अट एवढीच की प्रत्यक्ष उचललेले वजन पूर्वीच्या जवळपास राहिले पाहिजे. शरीर वाढवण्याच्या दिवसांत आम्ही छातीसाठी आठवड्याला सोळा-वीस सेट मारत होतो. आता मी चारावर थांबतो. सोमवार आणि गुरुवार, प्रत्येकी चाळीस मिनिटे, आणि पाचच प्रकार: वजनासह बैठक, डेडलिफ्ट, रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणे), जोर आणि डोक्यावरचा प्रेस (बार खांद्यापासून वर ढकलणे). प्रत्येकाचे दोन सेट करतो आणि आणखी दोन रेप (एकेक उचल) निघतील एवढा दम शिल्लक असतानाच बार खाली ठेवतो. निव्वळ दंड, खांदे आणि पोटऱ्या फुगवणारे सुटे व्यायाम पूर्ण बंद केले, आणि वर्षभरात त्या जागा आपोआप आटोपशीर झाल्या. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून वजन उचलू नये, कारण त्या क्षणी दाब फार वर जातो. जोर लावताना श्वास सोडण्याची सवय आधी हलक्या वजनावर पक्की करून घ्यावी.

याच चुकीचे धाकटे भावंड म्हणजे हलके वजन घेऊन पंचवीस-तीस रेप मारणे आणि त्याला कटिंग, म्हणजे चरबी उतरवणे, म्हणणे. रेप वाढवल्याने स्नायूवरची चरबी वितळत नाही. त्याचप्रमाणे पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी काढता येत नाही. ती कुठून आधी उतरेल हे शरीर ठरवते.

कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही

ही चूक मी स्वतः बारा वर्षे केली, त्यामुळे तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. एकोणतिसाव्या वर्षी मी लाल माती सोडली. पहाटे हजार-हजार बैठका, पाच-पाचशे जोर, त्यानंतर हौद्यात तासभर लढत, ही सगळी मेहनत थांबली. खुराक मात्र तसाच चालू राहिला, कारण खुराक कमी करणे म्हणजे पैलवानकी संपली असे स्वतःच्या तोंडाने कबूल करणे होते. सकाळ-संध्याकाळ एकेक लिटर म्हशीचे दूध, पन्नास बदामांची थंडाई आणि जेवणात तीन मोठे चमचे तूप एवढे रोज पोटात जात असे. म्हशीच्या दोन लिटर दुधातून दोन हजारांच्या आसपास कॅलरी मिळतात, बदामांतून साडेतीनशे आणि तुपातून चारशे. भाकरीचा एक तुकडाही न मोडता हा आकडा पावणेतीन हजारांच्या घरात जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्याप्रमाणे बैठे काम करणाऱ्या 65 किलोंच्या पुरुषाची दिवसभराची गरज 2110 कॅलरी आहे. मी दुकानात बसून होतो आणि एकेचाळिसाव्या वर्षी 98 किलोंवर पोहोचलो होतो. लोक अंग चांगले राखले आहे असे म्हणत आणि मला ते खरे वाटे.

खुराक सोडताना दुसऱ्या टोकाला जाण्याचीही गरज नाही. दूध, तूप, बदाम एकदम वर्ज्य करून कच्च्या काकड्यांवर राहणारी माणसे महिन्याभरात कंटाळतात आणि दुप्पट जोमाने जुन्या ताटाकडे वळतात. मी आधी संध्याकाळचे दूध बंद केले, दोन महिन्यांनी सकाळचे दूध एका पेल्यावर आणले, बदाम दहा केले आणि तूप फक्त गरम भातावर एक चमचा ठेवले. प्रथिनांना मात्र हात लावला नाही, उलट ती वाढवली. साध्या निरोगी माणसाला शरीराच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरेशी धरतात. वजन उतरवत असताना स्नायू राखायचे असतील, तर जे वजन गाठायचे आहे त्याच्या दर किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम घ्यावीत असा माझा अनुभव आहे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. अंडी, मोडाची उसळ, घट्ट वरण, पनीर, सोयाबीन, मासे, चिकन या सगळ्यांतून हा आकडा घरच्या जेवणात गाठता येतो आणि त्यासाठी महागडा डबा आणावा लागत नाही. मटणाचा बेत असेल त्या दिवशी मी फोडी पोटभर खातो आणि रश्श्यावरची तर्री वाटीत तशीच राहू देतो.

धावायला सुटणे

ज्याने पंधरा वर्षे वजने उचलली त्याचे हृदय आणि मांड्या दोन आठवड्यांत धावायला तयार होतात, पण टाचेमागची शीर आणि तळपायाचे पडदे तयार व्हायला महिनेच्या महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार पायावर येतो, म्हणजे शंभर किलोंच्या माणसाच्या टाचेवर दोन-तीनशे किलो. तरीही दर वर्षी कोणीतरी हाफ मॅरेथॉनसाठी नाव देऊन येतो, आठव्या आठवड्यापर्यंत सकाळी पलंगावरून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येऊ लागते, आणि त्यानंतर धावणे तर नाहीच, साधे चालणेही बंद पडते. मी पहिले सहा महिने फक्त चालायला लावतो, तेही शक्यतो चढावर. वजन नव्वदच्या खाली आल्याशिवाय माझ्या व्यायामशाळेतून कोणालाही धावण्याची परवानगी मिळत नाही. यावरून काही जण रागावून निघूनही गेले आहेत, पण हा नियम मी बदललेला नाही.

पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर भुलणे

भात-भाकरी कमी केली की स्नायूंत साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, उतरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही जाते. आठ दिवसांत तीन किलो उतरले याचा अर्थ बहुतांशी एवढाच असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा मंदावला की अधीर माणूस जेवण आणखी अर्धे करतो, आणि तिथून घसरण सुरू होते. आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण किलो, यापेक्षा जास्त घाई मला मान्य नाही.

रबरी जाकीट घालून घाम काढणे: केवळ पाणी जाते, आणि चाळिशीनंतर त्यात चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. चरबी जाळणाऱ्या गोळ्या: रक्तदाब असलेल्या माणसाने त्या हातातही घेऊ नयेत.

ज्यांनी शरीर वाढवण्यासाठी कधी इंजेक्शने घेतली असतील त्यांनी ती गुपचूप एकदम बंद करून घरी बसू नये. बाहेरून मिळणाऱ्या हार्मोनमुळे शरीराची स्वतःची निर्मिती दबलेली असते, आणि ती पूर्वपदावर येईपर्यंत थकवा, उदासी आणि झपाट्याने अंग उतरणे हे सगळे एकदम अंगावर येते. अशा वेळी हार्मोनच्या डॉक्टरांकडे जाऊन खरे ते सांगावे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचेही तसेच आहे. आठ-दहा किलो उतरल्यावर पूर्वीची मात्रा जास्त होऊ शकते आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा साखर एकदम खाली जाते. ती मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, मनाने गोळी बंद करू नये.

लोकांचे बोलणे मनाला लावून घेणे

ही शरीराची चूक नसली तरी तिने माझ्याकडची बरीच माणसे अर्ध्या वाटेवर परत फिरवली आहेत. आमच्या भागात भरलेले अंग ही घराण्याची अब्रू मानली जाते. दहा किलो उतरले, गाल बसले, जुना शर्ट खांद्यावर लोंबू लागला की लग्नकार्यात प्रत्येक जण विचारतो, "काय हो अण्णा, साखर लागली काय?" चार ठिकाणी हे ऐकले की माणूस पुन्हा तूप वाढवतो. त्यांना मी एवढेच आठवून देतो की 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 57 किलोंच्या गटात लढले होते. त्याच जोडीला एक व्यावहारिक सल्लाही देतो: सहा किलो उतरताच दोन शर्ट नव्या मापाचे शिवून घ्यावेत. सैल कपड्यांत माणूस आजारी दिसतो, बेताच्या कपड्यांत चपळ दिसतो.

वहीत काय लिहावे हेही सांगतो, कारण बहुतेक जण फक्त वजन लिहितात आणि त्यानेच फसतात. दर रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, चार आकडे लिहावेत: वजन, बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर, उजवा दंड, आणि त्या आठवड्यात डेडलिफ्टला लावलेले वजन. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर 90 सेंटीमीटरच्या आत असावा असे मानतात, तेव्हा नजर त्या आकड्यावर ठेवावी. पोट आणि वजन दोन्ही उतरत असतील आणि डेडलिफ्ट जागेवर असेल, तर दंड अर्धा-पाऊण इंच कमी झाला तरी काही बदलू नये. डेडलिफ्ट सलग दोन आठवडे घसरली, तर जेवणात एक अंडे आणि एक भाकरी वाढवावी व एक तास जास्त झोपावे. तीन आठवडे पोटाचा आकडा हललाच नाही, तर रात्रीच्या ताटातली एक भाकरी काढावी आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवून पुढचे तीन रविवार वाट पाहावी.