मोठं मूल दत्तक घेताय? तयारीतल्या या चुका टाळा

आमची लेक घरी आली तेव्हा सात वर्षांची होती. खोली रंगवून झालेली, कपाटात नवे कपडे, भिंतीवर तिच्या नावाची अक्षरं. पहिल्या रात्री ती पलंगाखाली जाऊन झोपली. शेवटी आम्ही गादीच खाली सरकवली. तिच्या सात वर्षांचा विचार आमच्या यादीत कुठेच नव्हता, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच झाल्या.

सगळ्यात महागात पडते ती मुलाची वरवर वाचलेली वैद्यकीय फाइल. ती बालरोगतज्ज्ञांसमोर ठेवा आणि ओळ न् ओळ समजून घ्या. संस्थेत वाढलेलं मूल वयाच्या मानाने बुटकं दिसलं तर लगेच धसका घेऊ नका. संस्थेतल्या दर 3 महिन्यांमागे उंची साधारण 1 महिन्याने मागे पडते, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. घरी आल्यावर त्यातलं बरंच भरून निघतं. डोक्याचा घेर फार कमी असेल तर मात्र खोदून विचारा. कान आणि डोळे नव्याने तपासून घ्या. 'लक्ष देत नाही' असा शेरा असलेल्या मुलाला कधीकधी नीट ऐकूच येत नसतं. आणि मूल आतापर्यंत किती घरं, किती संस्था फिरलं, हे विचारायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो.

'विशेष गरजा' म्हटलं की काहीजण दचकतात, काहीजण 'प्रेमाने सगळं होतं' म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा त्या निदानामुळे तुमचा एक साधा मंगळवार कसा जाईल ते विचारा. क्लबफूटची, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पायाची, प्लास्टरं काही आठवड्यांत संपतात, पण पाय सरळ धरून ठेवणारा, झोपताना लावायचा ब्रेस मूल 4-5 वर्षांचं होईपर्यंत चालू ठेवावा लागतो. कंटाळून सोडला की पाय परत वळू शकतो. दुभंगलेल्या टाळूचं काम एका ऑपरेशनात भागत नाही. स्पीच थेरपी, दात, हिरडीत हाड भरणं असं ते वर्षानुवर्षं चालतं. थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार असेल तर मुलाला दर 2 ते 5 आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तेवढ्या रजा तुम्हाला मिळतात का? हे मूल यायच्या आधी बघायचं.

आता वागण्याचं. महिनाभरात तिच्या उशीच्या खोळीत अर्धवट खाल्लेली बिस्किटं सापडली, मुंग्यांसकट. मी 'चोरी' हा शब्द वापरला. आजही तो परत घ्यावासा वाटतो. पुढच्या जेवणाची खात्री नसलेलं मूल साठवूनच ठेवणार. समुपदेशकांच्या सांगण्यावरून आम्ही पलंगाशेजारी तिचा स्वतःचा खाऊचा डबा ठेवला; तो कायम भरलेला आणि न विचारता उघडायचा. काही महिन्यांनी त्यातला खाऊ तसाच उरायला लागला.

सुरुवातीचे आठवडे मूल अगदी शहाण्यासारखं वागतं आणि मग एकदम आदळआपट सुरू होते. नातेवाईक म्हणतात, 'डोक्यावर चढवून ठेवलंय.' बऱ्याचदा ते आता तुम्हाला आजमावत असतं: इतकं करूनही हे मला ठेवतील का? अशा वेळी 'जा, खोलीत एकटी बस' ही शिक्षा सोडून गेलेल्या माणसांची आठवण करून देते. जवळ बसा, कमी बोला. 'परत पाठवून देईन' हे तर चिडूनही तोंडातून निघता कामा नये.

पहिल्या आठवड्यातच शाळा, पाहुण्यांची रीघ, नवं नाव, एवढं एकदम लादू नका. नाव तर तिच्याजवळ आधीपासून असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक. आंतरदेशीय दत्तकाच्या 1993 च्या हेग करारातही वय आणि समज बघून मुलाची इच्छा विचारात घ्या असं म्हटलंय. मग नावाचं तरी विचारायला काय हरकत आहे? जुन्या माणसांचे फोटो असतील तर अल्बममध्ये लावा. तिने त्यांची आठवण काढली म्हणून तुमचं आईपण कमी होत नाही. मला हे पटायला वेळ लागला, कबूल.

आणि स्वतःकडे बघायचं राहून जातं. दत्तकानंतर आईला किंवा बाबांना नैराश्य येऊ शकतं. मुलावर लगेच माया वाटली नाही म्हणून रात्री बाथरूममध्ये रडणारे आईबाप मी पाहिलेत. समुपदेशकाचा नंबर आधीच शोधून ठेवा, आणि आठवड्यातून दोन तास मुलाजवळ थांबेल असं एखादं माणूस ठरवून ठेवा. मात्र मूल त्या माणसाला आधी तुमच्यादेखत पाच-सहा वेळा भेटलेलं असू द्या.