डोमेनवर '६० दिवस लॉक': माझा अनुभव

वरूडकडच्या बागायतदारांसाठी मी आंबिया-मृग बहाराचा हिशेब ठेवणारं वेब ॲप केलं होतं. ते पुण्यातल्या एकानं विकत घेतलं. नोंदणीतलं नाव बदललं, आणि ॲपचं डॉट कॉम डोमेन (वेब पत्ता) त्याच्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) जाईना: '६० दिवस लॉक'. अनलॉक, नवा ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड), सपोर्टला मेल, कशानंच निघेना. जीव मेटाकुटीला आला.

नाव बदलल्यावर लागणारा हा लॉक आयकॅनच्या (डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमातला. तो रजिस्ट्रार बदलतानाच आडवा येतो. म्हणून खरेदीदाराला माझ्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडायला सांगितलं. आधी रक्कम एस्क्रोत, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत त्रयस्थाकडे. मग डीएनएस नोंदींची (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या) प्रत काढली (हे टाळू नकाच), डोमेन त्याच्या खात्यात 'पुश' केलं, म्हणजे त्याच रजिस्ट्रारकडे खातं बदललं, त्यानं स्वीकारलं, नेमसर्व्हर (त्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) तपासले. शेवटी गिटहबवरून (कोड ठेवायच्या साइटवरून) कोड ट्रान्सफरची विनंती त्याला पाठवली. ती विनंती एका दिवसात स्वीकारावी लागते. मग एस्क्रोतली रक्कम सुटली.