घरच्या जिमचं सामान घेताना या चुका टाळा

घरात जिम करायची म्हटलं की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे बहुतेकांची नजर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीवर जाते. खोली रिकामी असते आणि आवाजाचा कुणाला त्रास नाही. पण मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा त्या खोलीत दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. रबरी बँड उन्हात कडक होतात, त्यांना भेगा पडतात आणि ताणताना ते तुटून तोंडावर बसतात. म्हणून सामानाआधी खोली ठरवा. तळमजल्यावरची, हवा खेळती असलेली, भले छोटी का असेना. हात पूर्ण वर करून उभं राहा. वर वीतभर जागा उरत नसेल, तर डोक्यावर रॉड उचलण्याचा बेत सोडा.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते ट्रेडमिलवर. जाहिरातीतला एचपीचा आकडा बऱ्याचदा 'पीक' असतो, म्हणजे मोटर क्षणभर देऊ शकेल तेवढी ताकद. तुम्ही विचारा 'कंटिन्युअस' किती. 1 एचपी म्हणजे साधारण 746 वॅट. 2 एचपीची मोटर पूर्ण जोरात दीड किलोवॅटच्या जवळ जाते, तेव्हा मोबाइल चार्जरच्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर ती लावू नका. 16 अँपिअरचा पॉइंट आणि पक्कं अर्थिंग हवं. शेतातले पंप सुरू झाले की तुमच्याकडे दिवे मंदावतात का? मग मशीनच्या वॅटेजला पुरेल असा स्टॅबिलायझरही खर्चात धरा.

पट्टा अडखळतोय, जड चालतोय, म्हणून लगेच मिस्त्री बोलावू नका. प्लग काढा, पट्टा थोडा उचलून खाली हात फिरवा. कोरडं लागलं तर कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन तेल घाला. घरातलं खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको. पट्टा डावीकडे सरकत असेल तर मशीन सावकाश चालू ठेवून मागचा डावा बोल्ट पाव फेरा घट्ट करा, मिनिटभर चालू द्या, मग बघा. एकदम पूर्ण फेरा पिळला तर पट्टा दुसऱ्या बाजूला जातो.

रॉड आणि प्लेटा वेगवेगळ्या दुकानांतून घेण्याची चूक मी केली. ऑलिंपिक रॉडचं टोक 50 मिलिमीटर जाडीचं असतं, घरगुती रॉड साधारण 25 ते 28 मिलिमीटरचा. माझ्या प्लेटांचं भोक मोठं निघालं. बारीक रॉडवर त्या हलत राहायच्या आणि छातीवर रॉड असताना एक बाजू खाली झुकायची. तेव्हापासून मी दुकानात टेप घेऊनच जातो.

सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेटा स्वस्त मिळतात, पण त्या जाड असतात. वजन वाढायच्या आधी रॉडवरची जागा संपते. ओतीव लोखंडाच्या घ्या, जुन्या मिळाल्या तरी चालतील.

बाकावर लिहिलेल्या भारक्षमतेत तुमचं वजनही धरलेलं असतं. 80 किलोचा माणूस 60 किलो उचलणार, तर 120 किलोचा बाक पुरत नाही.

पुलअपचा दांडा धाब्याच्या घरातल्या मातीच्या भिंतीत ठोकू नका, बोल्टला तिथे पकडच मिळत नाही. त्यापेक्षा जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या, आणि तो येईपर्यंत जोर-बैठका सुरू करा.