जुनी कॉमिक्स घेताना आधी पिना बघा

लहानपणी सुट्टीत वाचलेला चाचा चौधरी आणि त्याचा गुरू ग्रहावरचा साबू आता पुन्हा जमवताय? मग रद्दीवाल्याकडे मुखपृष्ठावर भाळू नका, आधी मधलं पान उघडा. पिना तिथेच असतात आणि गंजून पहिल्यांदा सुटतं ते हेच मधलं पान. नेमकी गोष्टीची गंमत त्यावर असली तर अंक घेऊन उपयोग काय? पानं मोजा, शब्दकोडं कुणी पेनने भरलंय का तेही पाहा. मला पेन्सिलीने भरलेलं चालतं, उलट आवडतं. कुणाचं तरी बालपण आहे ते.

साताऱ्याचा पावसाळा या कागदाचा वैरी. गंजलेली पीन ओढून काढू नका, कागद फाटतो. आतल्या बाजूने तिचे पाय बोथट सुरीने हलकेच सरळ करा, मग बाहेरून अलगद काढा. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आत गाठ मारा. फाटक्या पानाला सेलोटेप तर नकोच, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कायमचा राहतो.

अंक भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, ओल धरते. आडवे ठेवा, थप्पी छोटी असू द्या. दिवाळीच्या साफसफाईत सगळे बाहेर काढून वारा द्या, पण सावलीत. उन्हात रंग उडतात, आणि साबूचा रंग उडालेला बघवत नाही.